जुना ट्रॅक्टर चालूच होत नाही: नागपूर भागातून वारंवार येणारे प्रश्न

काटोल-नरखेडच्या संत्राबागांत, मौदा-रामटेकच्या धानाच्या बांधीत, उमरेड-भिवापूरच्या वावरांत वीस-पंचवीस वर्षांचे ट्रॅक्टर आजही रोज कामाला जुंपलेले असतात. महिंद्रा २७५, मॅसी १०३५, स्वराज ७३५, एचएमटी, आयशर. उन्हाळवाहीच्या किंवा पेरणीच्या ऐन दिवशी असा ट्रॅक्टर रुसला की बहुतेकांचा पहिला फोन मेकॅनिकला जातो आणि पहिली शंका इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर येते. खरं तर बहुतेक वेळा दोष बॅटरीच्या टर्मिनलमध्ये, डिझेल फिल्टरमध्ये किंवा एखाद्या घसलेल्या वायसरमध्ये (बोल्टखालच्या चकतीत) असतो. म्हणून इथली उत्तरं कमी खर्चाच्या तपासणीकडून जास्त खर्चाच्या तपासणीकडे जातात. हे सगळं साध्या, जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाबद्दल आहे. इलेक्ट्रॉनिक पंपाच्या नव्या मॉडेलांना ते जसंच्या तसं लागू होणार नाही.

१. चाबी फिरवली तर काहीच होत नाही. आवाज नाही, काही नाही. सुरुवात कुठून करू?

आधी गिअर न्यूट्रल करा, हाय-लो लिव्हर मधे आणा, पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) काढा आणि क्लच पूर्ण दाबा. काही मॉडेलांत गिअरजवळ किंवा क्लचजवळ सेफ्टी स्विच असतो. तो दबला नाही तर सेल्फला (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला) करंटच जात नाही. मग हेडलाइट लावून पाहा. लाइट लागतच नसेल तर बॅटरीची टर्मिनलं हाताने हलवून बघा. ढिली असतील तर दोष तिथेच आहे. लाइट लख्ख लागतो पण सेल्फ गप्प असेल, तर चाबीच्या स्विचपासून सोलेनॉइडपर्यंत (सेल्फला करंट जोडणाऱ्या विजेच्या स्विचपर्यंत) जाणारी बारीक वायर तपासा.

आपल्याकडे ट्रॅक्टर बऱ्याचदा सोयाबीनच्या पोत्यांशेजारी किंवा कापसाच्या गंजीजवळ उभा असतो. तिथे उंदीर असतातच आणि ते वायरी कुरतडतात. डॅशबोर्डखाली आणि बॅटरीच्या पेटीमागे टॉर्च मारून पाहिल्याशिवाय नवा स्विच विकत घेऊ नका.

२. नुसतं 'टक' वाजतं, किंवा सेल्फ कण्हल्यासारखा हळू फिरतो. बॅटरी गेली का?

गेली असेलच असं नाही. हेडलाइट लावा आणि कोणाला तरी चाबी मारायला सांगा. लाइट एकदम विझायला आला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल धरत नाही. लाइट तसाच लख्ख राहिला आणि फक्त 'टक' झालं, तर सोलेनॉइडचे आतले पॉइंट जळाले असतील किंवा सेल्फचे कार्बन घसले असतील.

टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल आलं असेल तर ते काढून टाका, गरम पाण्याने धुवा, पॉलिश पेपरने धातू उजळवा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. काढताना आधी अर्थची म्हणजे मायनसची वायर आणि लावताना ती शेवटी. पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

अर्थिंगकडे फार कमी लोक बघतात. मायनसची जाड पट्टी चेसिसला जिथे बोल्टने धरलेली असते, तिथे गंज आणि काळ्या मातीचा थर जमतो. मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या मायनस खांबाला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब आहे. बोल्ट काढून जागा खरवडली की काम होतं.

३. बॅटरी चांगली की खराब, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

ट्रॅक्टर काही तास उभा असताना मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग सेल्फ मारताना मोजा. त्या वेळी ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी चार्ज करून परत मोजा. पूर्ण चार्ज केल्यावरही घसरतच असेल तर ती बदलायची वेळ आली. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) असेल तर सहाही खाने तपासा. पाच खान्यांत १.२५० आणि एकात १.१५० दिसलं, तर तो एक खाना मेला आहे आणि कितीही चार्ज केलं तरी फायदा नाही.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा बॅटरीचं पाणी झपाट्याने उडतं. त्या दिवसांत दर आठवड्याला झाकणं उघडून पाहा आणि प्लेटा बुडून वर साधारण एक सेंटिमीटर राहील इतकं डिस्टिल्ड वॉटर टाका. बोअरचं किंवा आरओचं पाणी चालत नाही. आणि पातळी कमी झाली म्हणून ॲसिड तर अजिबात ओतू नका. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

ट्रॅक्टर चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर डायनामो किंवा अल्टरनेटर चार्ज करत नाही. मेकॅनिककडे नेण्याआधी फॅनबेल्ट दाबून बघा, ढिला बेल्ट घसरतो.

४. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. आता काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. सेल्फ मारत राहू नका. एका वेळी दहा सेकंद, मग निदान अर्धा मिनिट विश्रांती. नाहीतर बॅटरी उतरते, सेल्फ तापतो आणि एकाऐवजी दोन दुरुस्त्या करायची पाळी येते.

पहिली गोष्ट, स्टॉप नॉब (इंजिन बंद करायची). ओढलेली राहिली असेल तर पंप डिझेल सोडतच नाही. नॉब आत ढकलली तरी तिची वायर गंजून अडकलेली असू शकते, म्हणून पंपावरची ती छोटी लिव्हर खरंच मागे येते का ते डोळ्यांनी पाहा. मग टाकीत डिझेल किती आहे आणि टाकीखालचा कॉक उघडा आहे का ते बघा. मुलं खेळताना कॉक फिरवतात.

दुसरी गोष्ट, धूर. एकाला सेल्फ मारायला लावा आणि स्वतः सायलेन्सरकडे बघत उभे राहा.

धूर अजिबात नाही, म्हणजे सिलिंडरपर्यंत डिझेल पोचत नाही. फिल्टर जाम असेल, एअर घेतली असेल (डिझेलच्या नळ्यांत हवा शिरली असेल) किंवा फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) ओढत नसेल. थेट प्रश्न ५ वर जा.

पांढरा, डोळे चुरचुरणारा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी देणारा स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात पडलेलं डिझेल आपोआप पेटतं. इंजिन हळू फिरलं, थंड असलं, कॉम्प्रेशन कमी झालं किंवा नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) फवारा न करता थेंब टाकू लागला, तर तेवढी उष्णता किंवा तेवढा बारीक फवारा मिळत नाही. आधी सेल्फचा वेग तपासा (प्रश्न २), थंडी असेल तर प्रश्न ९ बघा. दोन्ही ठीक असतील तर प्रश्न १७.

काळा धूर येत असेल तर एअर क्लिनर उघडा. त्याच्या वाटीतलं (ऑइल बाथचं) तेल चिखलासारखं घट्ट झालं असेल तर हवा जात नाही. तेल बदलताना खुणेच्या वर भरू नका. जास्तीचं तेल इंजिन ओढून घेतं.

५. एअर काढायची कशी? दरवेळी मेकॅनिकला बोलवायचं का?

गरज नाही. एक पाना, एक फडकं आणि एक मदतनीस पुरे. आधी फिल्टर आणि पंपाच्या भोवतीची धूळ ब्रशने झाडा, पुसून घ्या. उघड्या स्क्रूतून गेलेला मातीचा एक कण नोजल खराब करू शकतो.

टाकी निदान अर्धी असू द्या, कॉक उघडा. टाकीकडून पहिल्या फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे ढिला करा आणि फीड पंपाचा हँड पंप मारत राहा. सुरुवातीला फेसाळ डिझेल येईल, बुडबुडे येतील. बुडबुडे थांबून अखंड धार लागली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, तसंच. मग डिझेल पंपावरचा स्क्रू. रोटरी पंपावर (एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटतो तो) असे दोन स्क्रू असू शकतात, दोन्हींची एअर काढा. टाकीकडून पंपाकडे हा क्रम मोडू नका.

हँड पंपाला जोरच लागत नसेल तर लगेच तो खराब ठरवू नका. लिव्हरच्या फीड पंपात आतला कॅम उचललेल्या जागी थांबला की लिव्हर सैल लागते. सेल्फने इंजिन किंचित फिरवा आणि परत मारा.

एवढं करून चालू झाला नाही तर नोजलकडे जाणाऱ्या पायपांचे नट नोजलच्या टोकाला एक आटा ढिले करा, ॲक्सिलरेटर पूर्ण द्या आणि सेल्फ मारा. नटातून डिझेल उसळायला लागलं की एकेक नट आवळा. बऱ्याचदा दोन पायपांची एअर निघाली की इंजिन फडफडत धरतं.

इथे एक गोष्ट जिवाची आहे. त्या पायपांतला दाब दोनशे बारच्याही वर जातो. गळती शोधायला हात लावू नका, पुठ्ठ्याचा तुकडा समोर धरा. तो बारीक फवारा कातडीतून आत घुसतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, पण आतलं मांस सडू लागतं. असं झालं तर घरी हळद लावून बसू नका. त्याच तासाला मेडिकल किंवा मेयो (नागपूरची मोठी सरकारी रुग्णालयं) गाठा आणि 'डिझेल आत गेलंय' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

६. एअर काढली की चालू होतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. असं का?

कुठून तरी हवा आत येते किंवा रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरतं. टाकी ते फीड पंप या भागात फीड पंप डिझेल ओढत असतो, म्हणून तिथली बारीक फट बाहेर डिझेल गळवत नाही, आत हवा घेते. कोरडी दिसते, म्हणून सापडत नाही. बँजो बोल्टखालचे (डिझेलची नळी धरणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वायसर हे नेहमीचे गुन्हेगार आहेत. एकदा दबलेलं वायसर परत बसवू नका. खेड्यातल्या स्पेअरच्या दुकानातही ते अगदी थोड्या पैशांत मिळतं. रबरी नळी असेल तर वाकवून पाहा, भेगा दिसतील.

फिल्टर बदलल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर वाटी काढून बघा. जुना रबरी सील वर चिकटून राहतो आणि नवा त्याच्यावर बसतो. दोन सील कधीच घट्ट बसत नाहीत.

हे सगळं ठीक असेल तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह राहतात. तो सुटा बदलता येतो. त्यासाठी मोठा पंप खोलावा लागत नाही.

७. चालू होतो, दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि बंद पडतो. थोडं थांबलं की परत चालू होतो.

टाकीचं झाकण सैल करून चालवा. बंद पडला नाही तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. टाकीत हवा जात नाही, पोकळी होते आणि डिझेल खाली उतरायचं थांबतं. तारेने भोक मोकळं करा. झाकण हरवलं म्हणून त्या जागी प्लास्टिकची पिशवी दोरीने बांधलेले ट्रॅक्टर आपल्याकडे सर्रास दिसतात. त्यांचाही आजार हाच. झाकणाने फरक पडला नाही तर टाकीच्या तोंडाशी आतली जाळी गाळाने भरलेली असेल. टाकी रिकामी करून धुवा.

८. पावसाळ्यातच त्रास देतो. डिझेलमध्ये पाणी असेल का?

शक्यता भरपूर आहे. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतली वाफ भिंतींवर साचते. त्यात ड्रमचं डिझेल उघड्यावर, पावसात. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. सकाळी ट्रॅक्टर हलवण्याआधी फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर शुद्ध डिझेल येईपर्यंत सोडा. मग एअर काढा (प्रश्न ५). धानाच्या चिखलणीच्या दिवसांत संध्याकाळी काम संपलं की टाकी भरून ठेवायची सवय लावा, आणि ड्रमच्या तळचं चार बोटं डिझेल ट्रॅक्टरमध्ये कधीच ओतू नका.

९. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लागत नाही, दुपारी एका हाकेत लागतो.

नागपुरात थंडीच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. तेवढ्याने डिझेल गोठत नाही, पण इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकद कमी होते आणि सेल्फ हळू फिरतो. धड इंजिनाला एवढी थंडी सोसायला हवी. सोसत नसेल तर बॅटरी अशक्त आहे किंवा कॉम्प्रेशन उतरत चाललं आहे.

हीटर (इंजिनात जाणारी हवा तापवणारा) असेल तर १५-२० सेकंद दाबून धरा, मग सेल्फ मारा. क्लच दाबूनच मारा. गिअरबॉक्सचं घट्ट तेल फिरवायचं ओझं तेवढं कमी होतं. रेडिएटरमध्ये कोमट पाणी भरल्यानेही फायदा होतो.

एअर क्लिनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरायची पद्धत सोडा. आग लागते, जळका कापूस आत जातो. पेट्रोल किंवा स्टार्टिंग स्प्रे मारल्याने पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात, आणि हीटर चालू असताना स्प्रे मारला तर मॅनिफोल्डमध्येच (हवेच्या पायपात) स्फोट होऊ शकतो.

१०. आमचं उलट आहे. थंड असताना लगेच लागतो, तापल्यावर बंद केला की तासभर लागत नाही.

दोन शक्यता. सेल्फ हळू फिरत असेल तर सेल्फचे बुश घसलेत. तापल्यावर आर्मेचर बॉडीला घासतं. सेल्फ जोरात फिरतो पण धूर नाही, आणि पंप रोटरी आहे, तर पंपाचा आतला भाग झिजला आहे. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि सेल्फच्या कमी वेगात झिजलेल्या फटींतून आतच निसटतं. यात मात्र पंप खोलावाच लागतो. तोवर दुपारच्या सुट्टीत ट्रॅक्टर सावलीत उभा करा. तापलेल्या पंपावर गार पाणी ओतू नका, आतले भाग जाम होतात.

११. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू केला तर चालेल का?

बॅटरी किंवा सेल्फचा दोष असेल तर चालेल. डिझेलच पोचत नसेल तर कोसभर ओढूनही उपयोग नाही. आधी धूर पाहा (प्रश्न ४). मजबूत साखळी ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारला आणि बंद ट्रॅक्टरच्या पुढच्या दणकट भागाला लावा, ओढणाऱ्याच्या वरच्या लिंकला कधीच नाही. तिथून ओढलं की ओढणारा ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन उलटतो. बंद ट्रॅक्टरचा वरचा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच हळू सोडा. मडगार्डवर कोणी बसलेलं नको आणि साखळीजवळ लेकरं तर नकोतच.

१२. जीपच्या बॅटरीने जंप देता येतो का? ट्रकची चालेल का?

१२ व्होल्टची जीप चालेल. प्लसला प्लस जोडा. मायनसची वायर तुमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगीने भडकतो. मोठ्या ट्रकची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते. ती लावू नका.

१३. स्क्रूड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करतो, लगेच लागतो. त्यात काय वाईट?

जमिनीवर उभं राहून कधीही करू नका. तुम्ही मोठ्या चाकाच्या पुढे उभे असता. शॉर्ट केल्याने सेफ्टी स्विच बाजूला पडतो, गिअर चुकून पडलेला असेल तर ट्रॅक्टर उडी मारतो आणि मागचं चाक अंगावरून जातं. डिझेल इंजिन चाबी बंद असली तरी धरतं, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. शॉर्ट करून लागतो याचा अर्थ स्विच, वायर किंवा सोलेनॉइड खराब आहे. ते दुरुस्त करा. माणसाच्या जिवापुढे तो खर्च काहीच नाही.

१४. सेल्फ घरघर फिरतो, इंजिन जागचं हलत नाही.

बेंडिक्स (सेल्फचा इंजिनला धरणारा दातेरी भाग) घसरतो किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेलेत. कधी लागतो कधी नाही, असं असेल तर दात. इंजिन थोडं हाताने फिरवून परत मारा. चांगल्या दातांवर आला तर लागेल.

१५. ट्रॅक्टर सहा-आठ महिने शेडमध्ये उभा आहे. थेट सेल्फ मारू का?

नका मारू. आधी ऑइलची काडी काढून पाहा. तेल दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी गेलंय, तसंच फिरवलं तर बेअरिंग जातील. सायलेन्सरमध्ये आणि एअर क्लिनरच्या तोंडात कुंभारमाशीची मातीची घरं, पाखरांच्या काड्या असतात, त्या काढा. टाकीचं जुनं डिझेल सोडून द्या, दोन्ही फिल्टर बदला. पंपावरची स्टॉप लिव्हर मागेपुढे मोकळी फिरते का बघा. लाइन पंपाचा (प्रत्येक सिलिंडरला वेगळा भाग असलेल्या पंपाचा) रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, उभ्या उभ्या चिकटतो. मग स्टॉप ओढून ठेवून थोडा थोडा सेल्फ मारा, म्हणजे इंजिन न पेटता तेल वरपर्यंत चढेल. ऑइल प्रेशरचा काटा हलला की स्टॉप सोडा आणि चालू करा.

१६. सायलेन्सरला टोपी नव्हती, पाऊस झाला. आता सेल्फ 'टक' करून अडतो.

तिथेच थांबा. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दबत नाही आणि जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून चालू करायचा विचारही नको. सगळे नोजल काढून इंजिन हाताने सावकाश फिरवा. भोकांतून पाणी बाहेर पडेल. मग ऑइल बदला. बराच काळ पाणी आत राहून रिंगा गंजल्या असतील तर हाताने फिरणारच नाही. अशा वेळी भोकांतून थोडं डिझेल-ऑइल सोडून एक-दोन दिवस भिजू द्या.

१७. मेकॅनिक म्हणतो पंप खोलावा लागेल, इंजिनचं काम निघालंय. खरं कसं समजायचं?

त्याला दोन गोष्टी विचारा: कॉम्प्रेशन मोजलं का, आणि नोजल टेस्टरवर लावून पाहिले का. नोजल तपासणी स्वस्त असते आणि ती पंपाच्या आधीच व्हायला हवी. कॉम्प्रेशन साधारण ३५० ते ४५० पीएसआय असतं, नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तकात. सगळे सिलिंडर सारखेच थोडे कमी असतील तर इंजिन म्हातारं झालंय, तरी काही हंगाम काढेल. एकच सिलिंडर फार खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट बघा. त्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) सेट करून घ्या. घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह बंद होत नाही आणि लोक त्यासाठी लायनर-पिस्टन बदलतात. चालू असताना ब्रीदरमधून (इंजिनची आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भकाभका धूर येत असेल, ऑइल वरचेवर टाकावं लागत असेल, तर मात्र मेकॅनिक खरं सांगतोय. पंप खोललाच तर कॅलिब्रेशन बेंचवर लावूनच परत घ्या. अंदाजाने जुळवलेला पंप नेऊ नका.

१८. दुरुस्तीनंतर चालू झाला, पण आता बंदच होत नाही. आवाज वाढतच चाललाय!

चाबी काढून उपयोग नाही (प्रश्न १३). पंपावरची स्टॉप लिव्हर हाताने ओढा. तरी थांबत नसेल तर ब्रेक पूर्ण दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन दमून बंद पडेल. समोर माणूस नाही हे आधी बघा. ट्रॅक्टर गिअरमध्ये घेता येत नसेल तर एअर क्लिनरच्या तोंडावर सपाट फळी घट्ट दाबा. हात किंवा गमछा नको, तो आत ओढला जातो. टाकीचा कॉक बंद करून लगेच थांबत नाही, कारण फिल्टरमध्ये डिझेल शिल्लक असतं. थांबल्यावर परत सुरू करू नका. पंपाचा रॅक पूर्ण उघड्या जागी अडकला असेल किंवा एअर क्लिनरमधून जास्तीचं तेल इंजिनात जात असेल. तेलाची पातळी आधी बघा, ते तुम्हीच करू शकता. रॅकचं काम पंपवाल्याकडे.